जागलीच्या शेजारी: खेकरानाल्याच्या काठावरची रात्र

“इथं तं काहीच नाही भाऊ. मंग तुम्ही आले कायले?”

धुऱ्यावर उभ्या काकांनी असं विचारलं, तेव्हा आमच्या गाडीतून तंबूच्या दोन गुंडाळ्या, पाण्याची वीस लिटरची कॅन, गोवऱ्यांचं पोतं आणि एक फावडं उतरत होतं. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, दुपारचे तीन. समोर खेकरानाल्याचं पाणी, मागे सागाचं जंगल, आणि दोहोंच्या मधे काकांच्या शेताची चिंचोळी पट्टी. खोली नाही, नळ नाही, दिवा नाही, चहाची टपरी नाही. काका म्हणाले ते खरंच होतं. आम्ही आलो होतो तेही त्याचसाठी.

तलावाकाठी तंबू ठोकून राहणं आता महाराष्ट्राला नवं नाही. पवना धरणाच्या काठी शनिवारी रात्री तंबूंच्या रांगा लागतात. गादी तयार, जेवण तयार, गाणीही तयार. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत तीच गर्दी. नागपूरकरांसाठी रामटेकजवळची खिंडसी आहे, तिथे बोटी आहेत, जेवायची सोय आहे. ज्यांना ते हवं त्यांनी तिथे जरूर जावं. मला मात्र या सगळ्याच्या आधीचा मुक्काम हवा असतो. लागेल ते सोबत न्यायचं, उघड्यावर रात्र काढायची, आणि सकाळी असं निघायचं की इथे कुणी राहून गेलं हे कुणाला कळू नये. हा प्रकार आपल्याला परका नाही. मेंढरांमागे हिंडणारे धनगर असेच राहतात, गायींचे कळप घेऊन विदर्भात उतरणारे काठेवाडीही असेच राहतात. कार्तिकात आवळीखाली स्वयंपाक करायला घराबाहेर पडणारी आपली माणसं एका दिवसापुरतं तेच करतात.

खेकरानाला नागपूरपासून साधारण ५५ किलोमीटर. आम्ही कोराडी मागे टाकून सावनेर रस्त्याने पाटणसावंगीपर्यंत गेलो आणि तिथून खाप्याकडे वळलो. नवख्या माणसाची खापा आणि खापरखेडा यांत गल्लत होते. खापरखेडा वीज केंद्राचं. खापा कन्हान नदीच्या काठावरचं जुनं विणकरांचं गाव. इथली नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे विदर्भातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. कोष्ट्यांचे हातमाग हा गावाचा जुना व्यवसाय. नागपूरचं जे सावजी जेवण आज जागोजाग पाटीवर दिसतं, ते याच कोष्टी घरांतून बाहेर आलं. गावाजवळ गुमगावची मँगनीजची खाण आहे, ‘मॉइल’ची, जमिनीखाली उतरून चालणारी. माग, खाण आणि नदी, या तिन्हींवर खापा उभं राहिलं.

नदीबद्दल जरा सांगायला हवं. कन्हान छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात उगवते, खाप्यावरून खाली येते, पुढे तिला पेंच आणि कोलार मिळतात, आणि शेवटी ती वैनगंगेत जाते. नागपूरच्या नळांना येणाऱ्या पाण्यातला एक वाटा कन्हानचा आहे. म्हणजे खाप्याच्या पुलावर उभा राहणारा नागपूरकर आपल्याच घरचं पाणी वरच्या अंगाला पाहत असतो. उन्हाळ्यात या पात्रात डांगराच्या वाड्या लागतात. रेतीचे ट्रकही याच पात्रातून भरून निघतात. पात्रातली रेती मऊ, सपाट, तंबूला अगदी मोहात पाडणारी. पण नदीच्या पात्रात मुक्काम करू नये, कितीही कोरडं दिसलं तरी. पाऊस वर सातपुड्यात पडतो, इथे आभाळ निरभ्र असतं आणि पाणी रात्रीतून येतं. ऑगस्ट २०२० मध्ये पेंच आणि कन्हानच्या पुराने नागपूर जिल्ह्यातल्या काठच्या गावांचे जे हाल केले, ते लोक अजून विसरलेले नाहीत.

खाप्याच्या बाजारात आम्ही वांगी, टमाटर, हिरव्या मिरच्या, लसूण, सांबार घेतला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सांबार म्हणजे कोथिंबीर. आंबिया बहाराची उरलीसुरली संत्री ढिगाने होती, तीही घेतली. गोवऱ्या एका मावशींनी मोजून दिल्या आणि विचारलं, “रोडगे हायेत काय आज?” पोत्यावरून स्वयंपाक ओळखणारी ही बाजारपेठ मला फार आवडते.

खेकरानाल्याचा मध्यम प्रकल्प खाप्याच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशाच्या सीमेकडच्या जंगलात आहे. नाल्यावर बांध घालून अडवलेलं पाणी आणि भोवती झाडीने भरलेल्या टेकड्या. साग सगळ्यात जास्त, मग ऐन, धावडा, तेंदू, मोह, मोकळ्या जागी पळस. डिसेंबरात सागाची पानं तांबूस होऊन गळायला लागलेली असतात. एक पान वाळून पडलं तरी कुणी चालतंय असा भास होतो, एवढा त्याचा आवाज. हे खापा वनपरिक्षेत्र. पूर्वेला पेंचचं जंगल, आणि या परिक्षेत्रात वाघ-बिबट्याचा वावर आहे. इथे मुक्कामाला येणाऱ्याने ही गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यायची.

राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं, तिथे विस्तव करणं, लाकूड उचलणं हे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हे आहेत. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्या दिवसांत एका ठिणगीने काय होतं ते वाळलेलं जंगल पाहिलं की कळतं. म्हणून आम्ही जंगलात तंबू लावला नाही. आधीच्या आठवड्यात येऊन काकांच्या शेतात राहण्याची त्यांची परवानगी घेतली होती, गावच्या पोलीस पाटलांना नावं आणि गाडीचा नंबर देऊन ठेवला होता. तरी काकांना आम्ही नेमके कशासाठी येतोय हे पटलं नव्हतं, म्हणून तो पहिला प्रश्न. तलावाला कुंपण नसतं, पण त्याला माणसं असतात. पाण्यावर ढिवर बांधवांची मच्छीमारी, काठावर गुराख्यांची वाट, उतरत्या पाण्यामागे सरकणारी गाळपेर, भोवती वनरक्षकाची गस्त. त्यांना विचारल्याशिवाय उतरणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात चूल मांडणं.

गाळपेर पाहण्यासारखी असते. पावसाळ्यानंतर तलावाचं पाणी जसजसं खाली जातं, तसतशी वरची ओली, काळी जमीन उघडी पडते आणि तिच्यात हरभरा, गहू, वाटाणा पेरतात. नांगराचे कष्ट कमी, ओल आयती. वरच्या पट्ट्यातला हरभरा घोट्याच्या वर आलेला, खालचा नुकता उगवलेला, आणि त्याखाली अजून चिखल. एका नजरेत दोन महिन्यांचं पाणी कसं उतरत गेलं ते दिसतं.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तलावावर मी तंबू अगदी पाण्याला लागून, असल्याच मऊ जमिनीवर लावला होता. समोर पाणी दिसावं एवढाच हट्ट. रात्री वारा सुटला, ओल्या गाळातून खुंट्या एकेक करून निघाल्या, आणि पहाटे तीनला आम्ही थंडीने कुडकुडत तंबू धरून बसलो होतो. तेव्हापासून जागा निवडताना मी तीन गोष्टी बघतो. जमीन टणक आणि किंचित उंच असावी, कारण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि पाण्याकाठच्या खोलगट जागेत साचते. पन्नास पावलं वर गेलं तरी गारठ्यात फरक पडतो. डोक्यावर वाळलेली फांदी नसावी. आणि जनावरांची पाण्याकडे जाणारी वाट तंबूखाली येऊ नये. ही तिसरी गोष्ट मला काकांनी दाखवली. मी निवडलेली जागा बघून ते म्हणाले, “तिकडे नोका लावू. डुकरं तिथूनच उतरतेत.” आणि खरंच, वाकून पाहिलं तर गवतात दबलेली वाट होती, तिच्यावर खुरांचे ताजे ठसे.

थंडीला हलकं घेऊ नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पाण्याकाठच्या उघड्या शेतात त्याहून जास्तच बोचतं. अंगावर घ्यायला जेवढं नेता, तेवढंच अंगाखाली न्यावं, कारण ऊब जमीन ओढून घेते. आम्ही तंबूत आधी चाऱ्याचा पेंढा पसरला, त्यावर सतरंजी, त्यावर झोपायच्या पिशव्या. तंबूची वरची जाळी मात्र उघडी ठेवायची. थंडी लागते म्हणून सगळं बंद केलं की आपल्याच श्वासाची वाफ कापडावर थिजते आणि पहाटे अंगावर टपटपते. चेन मात्र घट्ट लावून घ्यायची. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात मण्यार शिरतो, त्याचा चावा कित्येकदा जाणवतही नाही. थंडीत साप कमी फिरतात, तरी बूट सकाळी झटकूनच घालावेत, आणि काही झालंच तर मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठावा, सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते. मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवू नये. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवावं.

पाणी आम्ही घरून नेलं होतं. तलावाचं पाणी भांड्यांना चालतं, प्यायचं झालं तर गाळून, खळखळून उकळून. भांडी तलावात घासायची नाहीत. पाणी बादलीने वर आणून, काठापासून दूर धुवायची आणि खरकटं पाणी मातीत जिरवायचं. शौचाला काठापासून निदान ६० मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावलं लांब जायचं, फावड्याने वीतभर खड्डा करायचा, आणि मातीने बुजवायचा. वीतभरच का? मातीच्या वरच्या थरात जिवाणू भरपूर असतात, तिथे मळ लवकर कुजतो; खूप खोल पुरला तर तसाच राहतो. अमेरिकेतल्या रानमुक्कामाच्या शिस्तीत हेच माप सांगतात, पण वीत हे आपलं माप हाताशीच आहे.

संध्याकाळचं जेवण रोडगे. त्यासाठी शेतात, गवतापासून दूर, उथळ खड्डा केला आणि गोवऱ्या रचल्या. जंगलातलं पडलेलं लाकूड आम्ही उचलत नाही. कायद्याची गोष्ट वेगळी, पण त्या वाळलेल्या ओंडक्यांत किडे, पाली, साप, बुरशी यांचा संसार असतो. शिवाय रोडग्यांना गोवरीच हवी. लाकडाची ज्वाळा बाहेरून जाळते, गोवरीचा निखारा सावकाश आत पोचतो. गव्हाची जाडसर कणीक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट भिजवून लाटायची, तेल लावून घडी घालायची, पुन्हा लाटायची, आणि शेवटी सगळे पदर गुंडाळून मुठीएवढा गोळा. गोवऱ्यांचा धूर पूर्ण जाऊन त्या तांबड्या-राखाडी होईपर्यंत हात चोळत थांबायचं. मग गोळे त्यात मांडायचे आणि वरून गरम राख ओढायची. दर काही मिनिटांनी फिरवायचे. अर्ध्या-पाऊण तासाने एक गोळा काढून कापडाने झटकला, मुठीने ठेचला, तेव्हा आतून वाफ आली आणि पदर सुटे झाले. त्यावर तूप, शेजारी झणझणीत वांग्याची भाजी आणि वरण. काका जेवायला बसले. एक रोडगा फोडून, वास घेऊन म्हणाले, “आतून शिजला हाय.” आमच्या स्वयंपाकाला मिळालेलं हे प्रशस्तिपत्रक मी जपून ठेवलं आहे.

जेवणाआधीचा तासभर मी काठावर बसलो होतो. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी उथळ पाण्यात मान बुडवत होती, वारकऱ्यांचा काळा थवा मध्यभागी, टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येत होती. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला आणि दगडासारखा खाली पडला. चोचीत मासळी घेऊन उठला. याच नावाची माणसंही तेव्हा जाळी टाकत होती. ट्रकच्या चाकाच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून, हातांनी पाणी मागे सारत एक भाऊ जाळ्याची ओळ सोडत गेले. जाळ्याच्या वर थर्माकोलचे तुकडे तरंगतात; त्यांना हात लावायचा नाही आणि त्या बाजूला पोहायलाही जायचं नाही. खरं तर धरणाच्या पाण्यात पोहूच नये. तळाशी गाळ, बुडालेली झाडं, तुटलेली जाळी, आणि काठ एकदम तुटतो. तळ्यात पाय सोडून बसलं तरी तलाव पुरेसा भेटतो.

अंधार पडला तसं आभाळ खाली आलं. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, त्याखाली रोहिणी, मग मृग आणि त्याचा बाण, आणि रात्र चढल्यावर व्याध. दक्षिणेकडच्या क्षितिजावर मात्र फिकट पिवळा पट्टा होता, नागपूर आणि वीज केंद्रांच्या दिव्यांचा. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीवर पडेल असा केला. हे खापा तिकडचं, पेंचच्या कडेचं. आमचं कन्हानकाठचं खापा वेगळं. पण याच नावाच्या एका गावाने आभाळासाठी दिवे खाली वळवले, हे ऐकून मला या दुसऱ्या खाप्याच्या वाटेवरही आशा वाटते. ज्यांना तारे बघायचे असतील त्यांनी अमावस्येच्या आसपासची रात्र धरावी आणि विजेरीवर लाल कागद लावावा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही.

नऊच्या सुमारास काका मचाणावर चढले. जागल. हरभऱ्याला घाटे धरायच्या आधीपासून ते पीक घरी जाईपर्यंत काका रोज रात्री असेच राहतात. चार बल्ल्या, वर पळाट्यांचं छप्पर, एक घोंगडं, एक विजेरी, आणि दोरीला टांगलेला पत्र्याचा डबा. मी वर गेलो तेव्हा त्यांनी घोंगड्याचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. खाली अंधारात काहीतरी हललं. मला काही दिसेना. काका कानानेच बघत होते. “रोही हाय. डुक्कर असतं तं दम खात नाही, सरळ घुसतं.” रोही म्हणजे नीलगाय. त्यांनी डबा वाजवला, तोंडाने लांब हाक दिली, पलीकडच्या शेतातून तशीच हाक आली, तिच्यापलीकडून तिसरी. काठाकाठाने हाका फिरत गेल्या आणि पाण्यावरून परत आल्या. तेव्हा मला दिसलं की हा काठ रिकामा नव्हताच. जिथे आम्ही ‘काहीच नाही’ म्हणून आलो, तिथे रोज रात्री कितीतरी माणसं उघड्यावर जागी असतात. त्यांच्या खांद्यावर झोपायची पिशवी नाही आणि रविवारी संध्याकाळी परत जायला गाडीही नाही. आमचा एका रात्रीचा आनंद त्यांच्या जागरणाच्या सोबतीने उभा होता. वाघाची भीती वाटत नाही का, विचारलं. “वाटते न. पण डुकरायची जास्त वाटते. वाघ हरभरा खात नाही.”

मधे केव्हातरी जंगलातून चितळाची तीक्ष्ण हाक आली, दोनदा, आणि थांबली. आम्ही दोघं गप्प राहिलो. पुढे काही झालं नाही. रातवा बराच वेळ टकटक करत होता.

पहाटे पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की ट्यूबवरचा माणूस दिसायच्या आधी त्याच्या हातांचा पाण्यावरचा चपचप आवाज आला. जाळ्यात रोहू, कतला आणि एक चांगला मरळ. आम्ही रोहू विकत घेतला; भाव त्यांनी सांगितला तोच दिला.

निघायच्या आधी सगळं शेत पायी पालथं घातलं. प्लास्टिकची तीन वेष्टणं आमची नव्हती, तीही पोत्यात भरली. संत्र्यांची सालंसुद्धा घेतली. ती लवकर कुजत नाहीत आणि त्यांच्या वासाने डुकरं काकांच्या हरभऱ्यात येतील. पेंढा काकांच्या बैलांकडे परत गेला. खड्ड्यावर पाणी ओतून हाताने राख चाचपली, गार होती. फावड्याने माती ओढायला लागलो तेव्हा काका घमेलं घेऊन आले.

“थांबा, राख नोका बुजवू.” त्यांनी ती ओंजळीने घमेल्यात भरली, ओली झालेली तेवढी सोडून. “वांग्यावर मावा पडला हाय. सकाळच्या दवात शिंपडली का चिकटते.”

मग ते वांग्याच्या वाफ्याकडे गेले आणि वाकून एकेका झाडाच्या पानांवर, चिमटीने, राख टाकत राहिले. आम्ही तंबू गुंडाळत होतो तोवर दव वाळलेलं नव्हतं.